साळबेटावरची उलटी टोपली

रायभोगकाका पहिल्या हाकेला कधीच वळत नाहीत. ते बहिरे नाहीत. दुसऱ्या हाकेला वळतात.

*

विहिरीचं पाणी दिवसातून दोनदा वर येतं, दोनदा खाली जातं. रहाटाला कुणी हातही लावलेला नसताना.

*

तराजूच्या एका पारड्यात समुद्राच्या चाळीस घागरी. दुसऱ्या पारड्यात पावसाच्या पाण्याच्या एक्केचाळीस. काटा हलत नाही.

*

"हे काय?"

"ही जमीन."

"अच्छा. म्हणजे समुद्राला पडलेलं भोक."

*

घरापुढचा ओटा दर वर्षी बोटभर उंच होतो.

*

तरव्याची टोकं पिवळी पडली.

*

हे सगळे तुकडे एकाच मडक्याचे आहेत. जिरूने ते जोडले. पण सुरुवातीला तिला वाटत होतं, की तिच्या हातात फक्त शेवटचा तुकडा आहे. आपणही तिथूनच निघू.

तरवा म्हणजे भाताची कोवळी रोपं. पावसाळ्याच्या आधी ती विहिरीच्या पाण्यावर एका लहानशा वाफ्यात दाटीने वाढवायची, आणि खाचरांत पाणी साचलं की उपटून ओळीने लावायची. जिरूचा वाफा एका चटईएवढा होता. पण साऱ्या साळबेटावर जिरवेल भात तेवढंच उरलं होतं.

आणि जिरूचं पूर्ण नाव होतं जिरवेल.

साळबेटावर नाव ठेवायची रीत अशी. बाळाला पहिल्यांदा पेज चाटवतात, ती ज्या भाताची असेल तेच बाळाचं नाव. म्हणून बेटावर सोरटी आहे, मुणगा आहे, घनसाळ आहे. पटणी नावाच्या तर तिघीजणी आहेत, आणि "ए पटणी, भांडी घास" म्हटलं की तिघीही "मी नव्हे, ती" म्हणतात. नावाबरोबर काम येतं. आपल्या नावाचं भात आपण राखायचं, दर वर्षी थोडं तरी पेरायचं, बी जपायचं. जिरवेल भाताची आधीची राखणदार, म्हातारी जिरवेल, गेल्या वर्षी वारली आणि तिचं बियाण्याचं मडकं अकरा वर्षांच्या जिरूकडे आलं. मडक्यात किडे शिरले होते. उरलेलं सगळं बी जिरूने यंदा पेरून टाकलं.

रीतीचा दुसरा अर्धा भाग कुणी मोठ्याने बोलत नाही. भात गेलं, तर नावही जातं. त्या माणसाला दुसऱ्या भाताची पेज पाजतात, दुसरं नाव देतात, आणि जुनं नाव पुन्हा बेटावर कुणी उच्चारत नाही.

जिरूने पोहऱ्यातलं पाणी चाखलं. मचूळ. कालच्यापेक्षा जास्त.

"आत्या, पाणी अजून खारट झालंय."

"मला जीभ आहे," सोरटीआत्या म्हणाली. जिरूच्या बाबांची ही मोठी बहीण बेटाची पाणमाय होती, म्हणजे एकुलत्या एका थोरल्या विहिरीचा दोर तिच्या ताब्यात. कुणी किती पाणी घ्यायचं, कधी घ्यायचं, ते ती ठरवायची, आणि तिच्याशी वाद घालायला समुद्रही बिचकायचा असं लोक म्हणत.

"तरवा जळतोय माझा."

"दिसतंय. परवा टोपलीचा दिवस लावलाय. विहीर रुसली की तिला हात द्यायचा. या खेपेला दर घराच्या दोन टोपल्या."

"गेल्या वर्षीपण जास्तच काढल्या होत्या ना? तरी रुसली."

"मग त्याही कमी पडल्या असतील. सरक, दोर ओला आहे."

टोपलीचा दिवस हा साळबेटाचा मोठा मान. दर घरातलं एक माणूस दोरावरून विहिरीत उतरतं, बुडी मारून तळाशी टोपलीभर खणतं, वर येतं, आणि ते खणलेलं आपल्या ओट्यावर ओतून धोपटतं. ज्याचा ओटा उंच, त्याने विहिरीची सेवा जास्त केली. रायभोगकाकांचा ओटा तर एवढा उंच होता, की त्यांच्या बकरीला वर चढवलं की ती उतरायला तयार होत नसे.

जिरू वाफ्याशी बसली आणि पिवळ्या टोकांवरून बोट फिरवू लागली. तिला दुसरं कुठलं नाव शोभेल, असा विचार मनात आला. मग तिने तो विचार झटकला आणि भोपळ्याकडे पळाली.

*

भोपळा हा भोपळा नव्हता.

तो समुद्रावर तरंगणारा यंत्रमानव होता. मुख्य भूमीवरच्या शास्त्रज्ञांनी असे पुष्कळ सोडलेत. ते लाटांवर फिरतात, बुडी मारून खोल जातात, पाणी किती गरम, किती खारं, ते मोजतात आणि वर येऊन आकाशातल्या उपग्रहाला सांगतात. वाटेत कोळी भेटले तर बोलता यावं, म्हणून त्यांना किनाऱ्याकिनाऱ्याच्या भाषा शिकवलेल्या असतात. हा एक वाट चुकून साळबेटाच्या वाळूत रुतला होता. दुधीसारखी मान, लाल भोपळ्यासारखं पोट. उधाणाची भरती येईपर्यंत त्याला परत समुद्रात ढकलणं शक्य नव्हतं. बेटाला चहूबाजूंनी प्रवाळाचा कठडा आहे, आणि पाणी चढलं नाही तर त्यावरून काही पार होत नाही.

जन्मात त्याने फक्त समुद्र पाहिला होता. त्यामुळे त्याचे प्रश्न असे असत.

"ताई, नारळ पोहत का नाही?"

"तो झाडावर आहे."

"झाड पोहत का नाही?"

बेटावर जिरूला ताई म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं. तेवढ्यासाठी ती त्याचे सगळे प्रश्न सहन करायची.

"मोजमाप तुला येतं ना?" तिने आज विचारलं. "चल. एक विहीर मोजायची आहे."

तिने त्याला घागरीसारखं कमरेवर घेतलं. साळबेट आहे केवढं? सकाळची पेज पिऊन किनाऱ्याने चालायला लागलं, तर दुपारच्या जेवणाला माणूस परत आपल्याच दारात. आकार उपड्या परातीचा. कडेला वाळू, मग माड, मग घरं, मग चढत जाणारी गोल गोल खाचरं, आणि मधोमध माथा नावाची टेकडी. माथ्यावर कुणी झाड तोडत नाही, काही पेरतही नाही. तिथे पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि दिसेनासा होतो. बेटावर नदी नाही, ओढा नाही. माथ्याच्या पायथ्याशी थोरली विहीर, समुद्रापासून सगळ्यात लांब.

म्हणूनच जिरूला कोडं पडलं होतं. जाता जाता तिने वाळूत वीतभर खोल झिरा खणला, साचलेलं पाणी ओंजळीत घेऊन प्यायलं. गोडं! समुद्र तर इथून थुंकीच्या टप्प्यात. इथे गोडं, आणि बेटाच्या पोटातल्या एवढ्या खोल विहिरीत मचूळ?

"उलटं असायला हवं," ती म्हणाली.

"उलटं म्हणजे काय ते मोजल्यावर कळेल," भोपळा म्हणाला.

आत्या जेवायला गेली होती. जिरूने विहिरीचं झाकण सरकवलं, भोपळ्याच्या मानेला दोर बांधला आणि त्याला आत सोडलं.

"पाणी लागलं," आतून आवाज घुमला. "इथे क्षारता (पाण्यात किती मीठ मुरलंय ते) थोडी आहे. सोडा."

तिने दोर सोडला.

"वाढली. सोडा... आणखी वाढली. सोडा... तळ आला. अहाहा."

"काय झालं?"

"घरी आल्यासारखं वाटतंय. ताई, इथे समुद्र आहे."

"काहीतरीच. समुद्र तिकडे आहे!" जिरूने बोट दाखवलं. विहिरीतल्या भोपळ्याला ते दिसायचा प्रश्नच नव्हता.

"तिकडेही असेल. पण इथे नक्की आहे."

*

नुसतं बोलणं. विहिरीच्या काठावर एक मुलगी, मांडीवर ओला भोपळा.

— समुद्र खालून कसा येईल?

— तुमचं बेट कशाचं आहे?

— प्रवाळाचं. म्हणजे समुद्रातल्या इवल्याशा जिवांनी बांधलेल्या दगडाचं. त्याला सगळीकडे भोकं असतात.

— भोकं असलेली वस्तू पाण्यात ठेवली तर?

— ... घावन! घावनाला जाळी असते. ते नारळाच्या रसात ठेवलं की रस जाळीतून आत शिरतो.

— घावन मला माहीत नाही. पण समुद्र तुमच्या बेटात तसाच शिरलेला आहे. पूर्ण.

— मग गोडं पाणी कुठून येतं?

— वरून. पाऊस मुरतो, खाली जातो, समुद्र भेटतो. आणि त्याच्यावर तरंगतो.

— पाणी पाण्यावर तरंगतं?

— हलकं पाणी जड पाण्यावर तरंगतं. मिठामुळे समुद्राची घनता (एकाच मापात किती वजन मावतं ते) जास्त असते. समुद्राच्या चाळीस घागरींचं वजन आणि गोड्या पाण्याच्या एक्केचाळीस घागरींचं वजन सारखं.

— मिसळून जात नाहीत दोन्ही?

— जातात, पण फार हळू. जाळीच्या दगडात पाण्याला पळता येत नाही, आणि आत ढवळायला कुणी नाही. आता सांगा. जमिनीखाली गोड्या पाण्याचा एक्केचाळीस हात उंच खांब उभा आहे. शेजारी समुद्राचा चाळीस हात उंच खांब. दोघांचं वजन?

— सारखं.

— उंची?

— गोडा एका हाताने जास्त... म्हणजे तो एक हात समुद्राच्या वर डोकं काढणार! आणि उरलेला चाळीस हात खाली!

— बरोबर. वर जेवढं दिसतं, त्याच्या चाळीस पट खाली बुडालेलं. बेटाच्या मध्यावर ही गोडी राशी सगळ्यात जाड, काठाकडे पातळ होत जाते. भिंगासारखी (भिंग म्हणजे मधे फुगीर, कडेला पातळ अशी काच). गोड्या पाण्याचं भिंग.

— म्हणून वाळूतल्या झिऱ्यात गोडं! तिथे भिंग पातळ आहे, पण मी वीतभरच खणते. वरवरचं घेते.

— मला वाटतं, तुम्ही आता मला सांगताय.

— आणि भरती आली की खालचा समुद्र चढतो, भिंगाला वर उचलतो, म्हणून विहिरीचं पाणी आपोआप वर येतं! भोपळ्या, म्हणजे आम्ही पाण्यावर तरंगणाऱ्या पाण्यावर राहतो?

— वाक्य अचूक आहे. पुन्हा म्हणा, मी साठवून ठेवतो.

— थांब. आपण वरून पाणी ओढलं तर?

— वरचं एक हात कमी झालं, की त्याखालचा समुद्र चाळीस हात वर यायला निघतो. लगेच पोहोचत नाही. पण निघतो. बरोबर विहिरीच्या खाली, उंचवटा करत.

— आणि आम्ही विहीर आणखी खोल केली तर?



— मग तुम्हीच त्याला भेटायला खाली निघाला आहात.

*

परवा टोपलीचा दिवस होता. दर घराच्या दोन टोपल्या.

जिरू पळत सुटली. पण आत्याला काय सांगणार? 'एक भोपळा म्हणतो, की पणजीच्या पणजीपासूनची रीत चूक आहे'? आत्या तिला भोपळ्यासकट विहिरीच्या झाकणाखाली बंद करून ठेवेल. आणि खरंच, आज्या-पणज्या दर वर्षी खणत होत्या तर विहीर तेव्हाच का नाही खारट झाली?

ती रायभोगकाकांच्या ओट्यापाशी थबकली. ओट्याचा एक कोपरा ढासळला होता. बकरी वर उभी राहून खाली बघत होती, जणू तिचा काही संबंधच नाही. काका पडलेली माती गोळा करत होते.

"रायभोगकाका!"

काका मातीच गोळा करत राहिले.

"रायभोगकाका!"

"काय गं?"

पण जिरू आता काकांकडे बघत नव्हती. ती ढासळलेल्या कोपऱ्याकडे बघत होती. ओटा कापलेल्या वडीसारखा आतून दिसत होता. तुम्हीही वरून खाली वाचा. एक ओळ म्हणजे दहाएक वर्षांचे थर, आणि प्रत्येक ओळीबरोबर आपण मागे जातो:

पांढरा. प्रवाळाचा चुरा.
पांढरा.
पांढरा.
पांढरा, त्यात शंखाचा तुकडा.
पांढरा.
राखाडी.
काळा गाळ.
काळा गाळ, त्यात कुजकं पान.
काळा गाळ, त्यात भाताचं तूस.
काळा गाळ.

"काका, खालचा गाळ काळा का?"

"विहिरीत पडलेला पाचोळा, वाहून आलेली माती. मी पोर होतो तेव्हा आत उतरलं की गुडघाभर चिखल असायचा."

"आणि वर पांढरा कधीपासून?"

काकांनी थरावर बोट ठेवलं. "हा राखाडी म्हणजे वादळाच्या नंतरचा. त्या वर्षी समुद्र खाचरांत शिरला होता. पुढे लोकांनी विहिरीला उंच कठडा बांधला, वर झाकण बसवलं. आत काही पडू नये म्हणून."

"मग पडायचं थांबलं?"

"थांबलं की. चांगलं घट्ट झाकण आहे."

"मग काका," जिरू हळूच म्हणाली, "त्याच्यानंतर गाळ आला कुठून?"

काका पांढऱ्या थरांकडे बघत राहिले. एकावर एक, एकावर एक. मग त्यांनी त्यातला चिमूटभर चुरा उचलून बोटांत चोळला.

"हा गाळ नाही," ते म्हणाले. "हा तळ आहे."

ते पायरीवर बसले. बकरी त्यांच्या टोपीचा वास घेऊ लागली.

"सगळे एक टोपली काढायचे, मी दोन. त्या वादळात माझं भात गेलं होतं ना. सगळं बी. वाटायचं, विहिरीला हात द्यायला आपणच कमी पडलो."

जिरूला आत्ता कळलं. "म्हणजे तुम्ही आधी रायभोग नव्हता?"

"दहा वर्षांचा होईपर्यंत नव्हतो. अजून पहिली हाक आली की वाटतं, दुसऱ्या कुणाला मारलीये. दुसऱ्या हाकेला आठवतं, की तो मीच."

"आधीचं नाव काय होतं?"

"ते बोलायचं नसतं," काका म्हणाले, आणि पहिल्यांदाच तिच्या पिवळ्या तरव्याच्या दिशेने त्यांनी मान वळवली. "तुझी काचेची बरणी आहे का गं घरात? लोणच्याची? सोरटीला सांगून काही पटत नाही. तिला चाखवावं लागतं."

*

(गोष्ट इथे घटकाभर थांबते. तुमच्याकडे काचेची बरणी असेल तर आणा. अर्धी पाण्याने भरा, मूठभर मीठ विरघळवा, ओळखू यावं म्हणून थोडं कोकमाचं आगळ घालून लाल करा. आता साधं पाणी हळूहळू, पानावरून ओघळत त्यावर सोडा. घाई केलीत तर सगळं गुलाबी होईल आणि पुन्हा सुरुवात करावी लागेल. जिरूचंही पहिल्या दोन वेळा गुलाबीच झालं होतं.)

*

टोपलीच्या दिवशी सगळं बेट विहिरीपाशी जमलं. आत्याने दोर सोडायला घेतला, तेवढ्यात जिरूने बरणी कठड्यावर ठेवली. खाली लाल, वर नितळ, मधे सुरीने कापल्यासारखी रेघ. पपईच्या पानांचे दोन पोकळ देठ, एक आखूड, एक लांब.

"हे काय नाटक?"

"आत्या, आखूड देठाने पी."

"मी कशाला पिऊ?"

"पाणी चाखायचा मान पाणमायचा असतो," रायभोगकाका मागून म्हणाले. आत्याने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. पण मान म्हटल्यावर इलाज नव्हता.

"गोड आहे."

"आता लांब देठाने. पार तळातून."

आत्याने ओढलं. तिचा चेहरा चिंचेसारखा झाला. "थू थू थू! कार्टे!"

लोक असे हसले, की माडावरचे कावळे उडाले. तीन पटण्यांपैकी एक म्हणाली, "आत्याबाई, दुसरी टोपली पण काढा की!"

"आता पुन्हा आखूडच देठ," जिरू म्हणाली. "पण जोरात ओढ. थांबू नकोस. बाकीच्यांनी रेघेकडे बघा."

आत्याने ओढलं. लाल रेघ देठाच्या खाली थरथरली. मग मधोमध फुगली. मग तिचा उंचवटा झाला, आणि तो उंचवटा वर, वर, देठाच्या तोंडाकडे चढू लागला. हसणं थांबलं. आत्याने डोळ्यांच्या कोपऱ्यातून ते पाहिलं आणि ओढायचं थांबवलं. उंचवटा सावकाश खाली बसला.

जिरूने सांगितलं. घावन, खांब, भिंग, सगळं. मधे अडली तिथे भोपळ्याने आकडे पुरवले. शेवटी तिने ओट्याच्या कोपऱ्यातली दोन ढेकळं पुढे केली, एक काळं, एक पांढरं.

"म्हणजे आमच्या आज्या-पणज्या मूर्ख होत्या?" आत्याने विचारलं. आवाज शांत होता, म्हणूनच भीतीदायक.

"नाही, आत्या. त्यांनी गाळ काढायला सांगितला होता. त्यांचं बरोबरच होतं. आपल्याकडे गाळ उरला नाही, तरी आपण टोपली भरायचं सोडलं नाही."

आत्याने दोन्ही ढेकळं हातात घेतली. काळं नाकाशी नेलं. पांढरं जिभेला लावलं. सारं बेट तिच्या तोंडाकडे बघत होतं. जिरू मात्र चटईएवढ्या वाफ्याकडे बघत होती. मुळाशी अजून हिरवं होतं. थोडंसंच.

तेव्हा रायभोगकाका पुढे आले. त्यांच्या डोक्यावर टोपली होती, भरलेली. विहिरीतून नव्हे, ओट्यावरून भरलेली. पांढऱ्या चुऱ्याची.

"सोरटी, झाकण सरकव."

"अरे, रायभोग, पन्नास वर्षांचा मान आहे तो तुझा."

"बकरीलाही उतरता येत नाही अशा मानावरून मी उतरतोय," काका म्हणाले. "सरकव."

आत्याने झाकण सरकवलं. टोपली उलटी झाली. चुरा खाली गेला, आणि बऱ्याच वेळाने आतून आवाज आला: धप्प.

मग आत्याने कमरेला पदर खोचला आणि ओरडली, "बघताय काय? टोपलीचा दिवस आहे ना आज? पांढरं तेवढं आणा, काळ्याला हात लावू नका! आणि दोर मी आवळून बांधणार. थोरली आता विश्रांती घेईल. दर घराने वाळूत एक झिरा खणायचा, वीतभर, जास्त नाही. दर झिऱ्याची एक घागर या पोरीच्या वाफ्याला. सगळ्यांनी मिळून थोडं थोडं. एकाच जागेवरून कुणी ओढायचं नाही."

जाताना तिने जिरूच्या डोक्यावर टप्पल मारली. "थू थू करायला लावलंस चारचौघांत."

*

विहीर एका दिवसात गोडी झाली नाही. चढलेला समुद्र पायऱ्या उतरल्यासारखा झपझप जात नाही. भोपळा म्हणाला, माथ्यावर पाऊस मुरेल, भिंग वरून भरेल, तसतसा तो खाली ढकलला जाईल, आणि त्याला एखाद-दुसरं वर्ष लागेल. तोवर झिरे. जिरूच्या डोक्यात त्यापुढचं चित्र आहे. तिने ते वाळूत काढून आत्याला दाखवलं: एक आडवी विहीर. खोल नाही, लांब. माथ्याच्या भोवती फिरणारा उथळ चर, वर झाकलेला, भिंगाच्या फक्त वरच्या सायीला स्पर्श करणारा. आत्या म्हणाली, "वेडी आहेस." मग म्हणाली, "रुंदी किती धरलीयेस?"

वाफ्यातला अर्धा तरवा जळला. अर्ध्याने मुळाजवळून नवी पाती फोडली. अर्धा पुरतो. जिरू अजून जिरू आहे.

उधाणाच्या भरतीला सगळे किनाऱ्यावर आले. भोपळ्याच्या पोटातली वाळू काढून त्याला धुऊन-पुसून ठेवलं होतं. एका पटणीने त्याच्या मानेत फुलांची माळ घातली, ती क्षारतेच्या कामात अडथळा आणेल का, असं त्याने नम्रपणे विचारलं.

"ताई, मी उपग्रहाला कळवलंय. समुद्रात बेटांच्या जागी भोकं नसतात. तिथे तरंगणारं पाणी असतं. आणि त्यावर माणसं."

"आता कुठे जाशील?"

"प्रवाह नेईल तिकडे. पुष्कळ बेटं लागतात. ज्या बेटांवर भात पिकतं तिथल्या कोळ्यांशी बोलेन. आता मला विचारायला प्रश्न आहेत."

तो पाण्यात शिरणार, एवढ्यात रायभोगकाका गुडघाभर पाण्यात गेले. त्यांनी वाकून भोपळ्याच्या कानाशी, म्हणजे जिथे कान असावा असं त्यांना वाटलं तिथे, काहीतरी सांगितलं. एकच शब्द असावा. भोपळ्याने विचारलं, "रंग कसा असतो?" काका म्हणाले, "लाल. कोंडा काढला तरी लाल."

भोपळ्याने शब्द साठवून घेतला. मग लाट आली, प्रवाळाच्या कठड्यावरून त्याला अलगद पलीकडे घेऊन गेली.

जिरूने काकांना काहीच विचारलं नाही. ती वाफ्याकडे चालू लागली. झिऱ्यावरची तिची घागर आज राहिली होती.

*

रायभोगकाकांचं पहिलं नाव तांबसाळ होतं.